प्रॉम्प्टर

आमच्या नाटकातलं यंत्र डालड्याच्या डब्यांचं होतं.
सिंदेवाहीच्या इब्राहिमभाईनं रिबिटं मारून जोडलेलं,
डोळ्यांच्या जागी सायकलचे दोन लाल दिवे,
आणि आत दुधराम शेंडे, बनियनवर,
घामानं निथळत.

'यंत्र झालं वैरी'. लेखक लोनबले मास्तर.
शंकरपटाची रात्र, कोसंबीच्या कापलेल्या बांधीत मंडप.
दुसऱ्या अंकात यंत्र मालकाचं ऐकणं सोडायचं,
तिसऱ्यात त्याच्या छातीवर पाय देऊन गरजायचं,
"मानवा, आता मीच तुझा धनी!"
बाया पोरांना पदराखाली घ्यायच्या.
एक म्हातारा तर बैल हाकायची तुतारी घेऊन
स्टेजवर चढला, दुधरामला दोन हाणल्या.
पत्र्याला पोचा आला. तो शेवटपर्यंत राहिला.
मग नायिकेच्या आईचे अश्रू यंत्रावर पडायचे
आणि ते जळायचं. धूर मीच करायचो.

मी प्रॉम्प्टर. विंगेत, उकिडवा,
एका हातात वही, एका हातात टॉर्च.
नटाचं वाक्य संपायच्या आत पुढचं वाक्य
त्याच्या कानाशी नेऊन ठेवायचं,
प्रेक्षकाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात.
तीस वर्षं कोणी माझं तोंड पाहिलं नाही.

लोक घाबरले ते डब्याला.
मास्तरांनी भीती डब्यातच भरली होती,
लाल दिवे लावून, मोठ्या आवाजात,
म्हणजे लांबून ओळखू यावी.

एक सांगतो, कुठं बोलू नका.
एका पहाटे, अरततोंडीच्या प्रयोगाला,
दुधरामला मी वहीत नसलेलं वाक्य दिलं.
उगाच. देता येत होतं म्हणून.
"मानवा, मलाही झोप येते रे."
तो बोलून गेला. जसं दिलं तसं.
कोणी हसलं, एका बाईनं च्च् केलं,
मग टाळ्या.
उतरल्यावर त्यानं विचारलं, "हे मास्तरनं कवा लिवलं बा?"
मी म्हटलं, "पयलेपासूनच होतं ना जी."
त्यानं वहीकडे पाहिलंसुद्धा नाही.
झोप मग मलाच आली नाही.

यंदा मास्तरांचा नातू कंपनी चालवतो.
नायकाच्या कानात हरभऱ्याच्या दाण्याएवढं बटन.
"काका, आयुष्यभर मागून पाहिलं,
आता समोर खुर्चीवर बसा."
चांगला पोरगा आहे. चहा सांगितला.
नाटक यंत्रानंच लिहिलं, बैल जुंपायला लागतो तेवढ्या वेळात,
आणि वाईट नाही लिहिलं, खोटं काहाले बोलू.
कुठं लाल दिवा नाही. कुठं गरजणं नाही.
छापील प्रत मी दुपारीच वाचून काढली होती,
सवयीनं ओठ हलत होते.

बाप-लेकाच्या प्रवेशात नायक थांबला,
अर्धा श्वास, बस,
आणि म्हणाला, "बाबा, तुमी थकले. आता माझ्यावर सोडा."
माझे ओठ तिथंच राहिले.
हे प्रतीत नव्हतं.
चांगलं होतं.
बाया रडल्या. बाजूच्यानं दुपट्ट्याला नाक पुसलं.
टाळ्या अशा पडल्या
की मोहावरची वटवाघळं उडाली.

मी उठून मंडपामागं गेलो.
विंगेतल्या माझ्या जागेवर, गोणपाटावर,
एक कुत्रं झोपलं होतं.
पेटाऱ्याशेजारी ते डब्यांचं यंत्र.
आता त्यात मंडपाचे खुंटे ठेवतात.
पोच्यावरून हात फिरवला.
"दुधराम," म्हटलं, "मार मात्र तुले पडला गा."

नायक रंग पुसत बाहेर आला.
मी विचारलं, "ते वाक्य कवाचं होय?"
त्यानं कानातलं बटन काढलं,
उजेडात धरून पाहिलं,
परत घातलं.
"पयलेपासूनच असन ना, काका."